स्पॅनिश वाईन आणि चीजची जोडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वाचकांचे आहेत, घरच्या बैठकींना येणाऱ्या मित्रमंडळींचे आहेत, आणि माद्रिदच्या विमानतळावर बाटल्यांच्या फडताळासमोर उभं राहून घाईघाईत फोन करणाऱ्या नातेवाइकांचेही आहेत. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा न सांगता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मला यातलं काहीच कळत नाही. एकच वाईन आणि एकच चीज घेऊन सुरुवात करायची तर कोणती?

मध्यम मुरलेलं मान्चेगो हे मेंढीच्या दुधाचं चीज, म्हणजे पाकिटावर 'सेमिकुरादो' लिहिलेलं, आणि त्यासोबत थंडगार फिनो शेरी, म्हणजे खेरेस गावची फिकट वाईन. बहुतेकांना इथे रिओखा या रेड वाईनचं नाव ऐकायचं असतं, त्यामुळे उत्तर ऐकून चेहरे पडतात. पण मान्चेगोचा खारट-तुपकट गुण आणि फिनोचा कोरडा (म्हणजे गोडवा नसलेला), बदामासारखा स्वाद एकत्र आले की दोन्ही पदार्थ जास्त चांगले लागतात. जोडी जमली का, हे मी एवढ्यावरच ठरवतो. शेरी गोड असते असं वाटत असेल तर आधी प्रश्न ७ वाचा.

२. ही नावं उच्चारायची कशी? दुकानात हसं होतं.

स्पॅनिशमध्ये 'जे' अक्षराचा उच्चार घशातून काढलेल्या ख सारखा होतो, म्हणून रिओखा, खुमिया, खेरेस. दोन 'एल' आले की य: तेतिया, मेंब्रियो. 'एच' मुकं असतं, म्हणून माओन. 'व्ही'चा उच्चार ब च्या जवळ जातो, त्यामुळे आपण वर्देहो म्हणतो ते द्राक्ष तिथे बेर्देखो असतं. 'झेड' मध्य आणि उत्तर स्पेनमध्ये थ होतो, तर दक्षिणेत बहुतेक ठिकाणी स. हसणाऱ्या दुकानदाराला 'इदियासाबाल' म्हणून दाखवायला सांगा. ते बास्क नाव आहे, तिथे हे नियमही चालत नाहीत.

३. चीज म्हटलं की रेड वाईनच ना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझं मत सगळ्यात ठाम आहे तेही इथेच: नाही. बहुतेक चीजबरोबर व्हाइट, शेरी किंवा कावा (स्पेनची फसफसणारी वाईन) जास्त बरी जमते.

स्पॅनिशमध्ये एक म्हण आहे, 'के नो ते ला देन कोन केसो'. चीजसोबत देऊन तुला फसवू नयेत, म्हणजे सावध राहा, कुणी टोपी घालेल. तिच्यामागची गोष्ट अशी सांगतात की वाईन बिघडली की व्यापारी गिऱ्हाइकाला आधी तेलात मुरवलेलं तिखट वासाचं चीज खायला घालत. जीभ एकदा चीजने माखली की आंबूस वाईनही गोड मानून घेतली जाई. गोष्ट खरी असो वा रचलेली, जिभेचं शास्त्र त्यात बरोबर आहे.

रेड वाईनमध्ये टॅनिन असतं. जांभळं किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ आवळून येते, तो तुरटपणा. चीजमधली प्रथिनं आणि स्निग्धांश या टॅनिनला धरून ठेवतात आणि वाईन मऊ वाटू लागते. इथवर छान. पण त्याच वेळी वाईनमधला फळांचा नाजूक स्वादही झाकला जातो. म्हणजे साधी, दांडगी वाईन सुधारते आणि महागडी, तलम वाईन फुकट जाते. मऊ, ओलसर चीज असेल तर उलटंच होतं: टॅनिनला धरायला पुरेसं काही मिळत नाही आणि तोंडात कडवटपणा उरतो.

व्हाइट वाईनचा आंबटपणा मात्र तुपकटपणा कापतो. पिठलं-भाकरीवर लिंबू पिळतो तसं.

रेड वाईन वर्ज्य नाही. ती कुठे चालते ते प्रश्न ४, ५ आणि ११ मध्ये आहे.

४. रिओखाच्या बाटलीवर क्रियान्था, रेसेर्वा, ग्रान रेसेर्वा असं लिहिलेलं असतं. चीजसाठी कोणती घेऊ?

हे शब्द मुरण्याचा काळ सांगतात. रिओखाच्या रेडला क्रियान्था म्हणवून घ्यायला किमान २ वर्षं मुरावं लागतं, त्यातलं १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वाला ३ वर्षं, त्यात पिंपात किमान १. ग्रान रेसेर्वाला ५ वर्षं, त्यात पिंपात किमान २.

चीजसाठी क्रियान्था घ्या. तिच्यात टेम्प्रानिओ द्राक्षाचा रसरशीतपणा शिल्लक असतो आणि मेंढीच्या दुधाचं मध्यम मुरलेलं चीज तिला पेलतं. ग्रान रेसेर्वा इतकी हळुवार झालेली असते की खारट चीजपुढे तिचा आवाजच ऐकू येत नाही. ती जेवणाबरोबर प्या.

५. मान्चेगो किती मुरलेलं घ्यावं? आणि कशाबरोबर?

मान्चेगो ला मान्चा या कोरड्या पठारावर तयार होतं, आणि तेही फक्त मान्चेगा जातीच्या मेंढ्यांच्या दुधाचं. मुरण्याचा किमान काळ लहान चक्क्यांना (चक्का म्हणजे इथे चीजचा अख्खा गोळा) ३० दिवस आणि मोठ्यांना ६० दिवस. कमाल २ वर्षं. सालीवर नागमोडी नक्षी दिसते. पूर्वी चक्का एस्पार्तो गवताच्या विणलेल्या पट्टीत दाबत, तिचा हा ठसा. आता साचे बहुधा प्लास्टिकचे असतात, पण ठसा मुद्दाम राखला आहे. साल खायची नाही.

साधारण तीन-चार महिन्यांचं सेमिकुरादो मऊ आणि दुधाळ असतं. त्याला फिनो, रुएदा भागाची बेर्देखो व्हाइट, किंवा कमी मुरलेली ताजी टेम्प्रानिओ.

सहा महिन्यांच्या पुढचं 'कुरादो' ठिसूळ होऊ लागतं आणि चव खमंग होते. इथे रिओखा क्रियान्था किंवा रिबेरा देल दुएरोची रेड खरोखर शोभते. रेड वाईनवाल्यांनी आपला हट्ट इथे पुरवून घ्यावा.

वर्षभराच्या पुढचं 'बिएखो' किंवा 'अन्येखो' दाणेदार, तिखटसर असतं आणि त्याला आटवलेल्या दुधाची गोडसर झाक येते. त्याच्यापुढे मी ओलोरोसो शेरी ठेवतो, दुसरं काही नाही. हवेत मुरलेल्या ओलोरोसोला आक्रोडाचा, भाजलेल्या सुकामेव्याचा वास असतो. म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचीच सोबत रुचते.

कापताना पातळ त्रिकोणी फोडी करा. घरी आणल्यावर ओळखीचा प्रश्न उरतोच: खरं मान्चेगो असेल तर चक्क्याच्या एका बाजूला क्रमांक असलेली केसीनची (दुधातल्या प्रथिनाची) छोटी चकती रुतवलेली असते. तुकडा विकत घेतलात तर ती तुमच्या वाट्याला येईलच असं नाही, म्हणून लेबलवरचा संरक्षित मूळस्थानाचा शिक्का पाहा.

६. मी अमेरिकेत राहते. इथल्या दुकानात 'केसो मान्चेगो' स्वस्तात मिळालं, पण तुम्ही लिहिता तसं लागलं नाही.

तुम्ही मेक्सिकन मान्चेगो आणलंत. नाव तेच, चीज वेगळं: गाईच्या दुधाचं, मऊ, छान वितळणारं. टॉर्टियावर घालून वितळवा. पाकिटावर 'स्पेन' आणि मेंढीचं दूध या दोन गोष्टी दिसल्या तरच ते प्रश्न ५ मधलं चीज. 'इबेरिको' नावाचं चीज स्पेनचंच, पण त्यात गाय, मेंढी आणि शेळी अशी तिन्ही दुधं मिसळलेली असतात. वाईट नाही, पण मान्चेगोच्या किमतीत घेऊ नका.

७. शेरी म्हणजे इंग्रजी कादंबऱ्यांतल्या म्हाताऱ्या बायका पितात ती गोड दारू ना?

ती प्रतिमा इंग्लंडला निर्यात होणाऱ्या गोड मिश्रणांमुळे रुजली. 'शेरी' हा शब्दच खेरेस या गावाच्या नावाचा इंग्रजी अपभ्रंश आहे. खुद्द खेरेसमध्ये जी शेरी रोज प्यायली जाते ती ठणठणीत कोरडी असते.

पालोमिनो द्राक्षाच्या वाईनमध्ये द्राक्षाचाच अर्क घालून तिची ताकद वाढवतात. १५ टक्क्यांच्या आसपास ठेवली तर पिंपात वाईनवर यीस्टची पांढरी साय धरते. तिला 'फ्लोर', म्हणजे फूल, म्हणतात. सायीखाली हवा लागत नाही, म्हणून वाईन फिकट आणि तरतरीत राहते: ही फिनो. तीच सानलुकार दे बारामेदा या समुद्रकाठच्या गावात मुरली तर मान्सानिया, आणि तिच्यात किंचित खारेपणा जाणवतो. ताकद १७ टक्क्यांवर नेली तर साय जगत नाही, वाईनला हवा लागते, रंग गडद होतो: ही ओलोरोसो. आधी सायीखाली आणि मग हवेत अशी दोन आयुष्यं जगलेली ती अमोंतियादो.

खेरेसवाले खाण्याबद्दल सांगतात: पोहणाऱ्याला फिनो, उडणाऱ्याला अमोंतियादो, धावणाऱ्याला ओलोरोसो. म्हणजे मासे, पक्षी, मटण. चीज यातलं काहीच करत नाही, म्हणून माझी आवृत्ती: शेळीला फिनो, गाईला अमोंतियादो, मेंढीला ओलोरोसो. अपवाद निघतात (एक प्रश्न १ मध्येच आहे), पण नवख्याला एवढं पुरतं.

एक सावधगिरी. अंदालुसियाच्या बाहेर कॅफेत नुसतं 'मान्सानिया' मागितलंत तर कॅमोमाइलचा गरम चहा समोर येईल. शब्द दोन्हींना तोच आहे. मी तो चहा एकदा निमूटपणे प्यायलो आहे.

८. ब्लू चीजबरोबर काय? काब्रालेस आणलं होतं, महागातली रेड उघडली, आणि तोंड लोखंड चाटल्यासारखं झालं.

होणारच. निळ्या बुरशीची तिखट धार, भरपूर मीठ आणि टॅनिन एकत्र आले की कडवट, धातूसारखी चव येते. मीही हा खर्च केलेला आहे.

काब्रालेस अस्तुरियासमधलं, पिकोस दे एउरोपा डोंगरांतलं. गाईचं दूध मुख्य, कधी त्यात मेंढीचं-शेळीचं मिसळलेलं. किमान दोन महिने चुनखडीच्या नैसर्गिक गुहांत मुरतं आणि तिथल्या दमट गारव्यात बुरशी बाहेरून आत शिरत जाते. ऑगस्टमधल्या स्पर्धेत पहिल्या आलेल्या चक्क्याचा लिलाव होतो, बोली हजारो युरोंवर जाते.

त्याला गोडवा लागतो. पेद्रो खिमेनेस या द्राक्षाचे घड उन्हात वाळवून केलेली त्याच नावाची शेरी घ्या: काळी, काकवीसारखी दाट, मनुका आणि अंजिराच्या चवीची. नियमानुसार तिच्या एका लिटरमध्ये किमान २१२ ग्रॅम साखर असते, त्यामुळे मधुमेह असलेल्यांनी हा प्रयोग दुसऱ्यांवर सोपवावा. बाकीच्यांनीही छोट्या पेल्यात दोन घोट घ्यावेत. खुद्द अस्तुरियासमधली माणसं काय पितात ते प्रश्न १२ मध्ये.

काब्रालेस फार तिखट वाटलं तर लेऑनचं बाल्देऑन घ्या. तेही निळंच, मेपलच्या पानांत गुंडाळलेलं, पण स्वभावाने मवाळ.

९. आम्ही शाकाहारी आहोत. स्पॅनिश चीज चालतं का?

काही चालतात, काही नाही, आणि चौकशी करणं योग्यच आहे. दूध फाडायला जे रेनेट वापरतात ते परंपरेने वासराच्या किंवा कोकराच्या जठरातून येतं. इदियासाबालमध्ये कोकराचं रेनेट हा चवीचाच भाग आहे, तेव्हा ते सोडून द्या. मान्चेगोच्या नियमांत प्राणिज रेनेटबरोबर मान्यताप्राप्त दुसरी विरजणंही बसतात, म्हणून ते प्रत्येक उत्पादकागणिक बदलतं. लेबलवर 'कुआखो आनिमाल' दिसलं तर प्राणिज, 'कुआखो बेखेताल' म्हणजे वनस्पतिज, 'कोआगुलांते मिक्रोबियानो' म्हणजे सूक्ष्मजीवांपासूनचं. नुसतं 'कुआखो' असेल तर प्राणिज समजून चाला.

पण शाकाहाऱ्यांनी हळहळू नये, कारण स्पेनमधलं माझं सगळ्यात लाडकं चीज त्यांच्याच पंगतीत बसतं. एस्त्रेमादुरातलं तोर्ता देल कासार. आर्टिचोकचं रानटी भावंड असलेल्या कार्डून या काटेरी झाडाची वाळलेली फुलं पाण्यात भिजवतात आणि त्या पाण्याने मेंढीचं कच्चं दूध घट्ट करतात. किमान ६० दिवसांनी बाहेरची साल टणक आणि आतला गर जवळजवळ वाहता होतो. वरचं झाकण चाकूने गोल कापायचं आणि पावाने गर उचलून खायचा. फुलांमुळे त्याला किंचित कडसरपणा असतो. त्यावर टॅनिनचा तुरटपणा चढवू नका. अमोंतियादो किंवा भरदार, पिंपात ठेवलेली व्हाइट द्या. शेजारच्याच मुलखातलं ला सेरेना याच पद्धतीचं.

वाईनचाही प्रश्न येतो. ती नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक वापरतात. खेरेसच्या वायनऱ्यांत उरलेले पिवळे बलक मठांतल्या जोगिणींकडे जात आणि त्यातून 'तोसिनो दे सिएलो' हे गोड कॅरॅमल पुडिंग निघालं, असं तिथे सांगतात. तुम्हाला हे टाळायचं असेल तर बाटलीवर 'वीगन' शब्द शोधा.

१०. शेळीच्या दुधाचं चीज उग्र लागतं. त्यातलं सोपं काही?

कातालोनियाचं गारोचा. राखाडी मखमली बुरशीच्या सालीआड पांढरंशुभ्र, सौम्य चीज. सोबत कावा. मुर्सियाचं 'मुर्सिया आल बिनो' रेड वाईनमध्ये बुडवून मुरवतात, साल जांभळी होते. त्याला शेजारच्या खुमियाची मोनास्त्रेल द्राक्षाची रेड. फुएर्तेबेंतुरा बेटाचं माखोरेरो खाल्लंत तर उग्रपणाची तक्रारच विसराल. सोबत शेजारच्या लान्सारोते बेटाची कोरडी माल्बासिया व्हाइट मिळाली तर नशीब.

११. धुरी दिलेल्या चीजबरोबर?

बास्क प्रदेश आणि नाबारामधलं इदियासाबाल हे लाचा आणि काररान्साना मेंढ्यांच्या दुधाचं; धुरी दिलेलं आणि न दिलेलं, दोन्ही मिळतं. मेंढपाळांच्या धुराड्याविना झोपड्यांत चुलीवर टांगलेल्या चक्क्यांना आपोआप धुरी बसे, तिथून ही चव आली असं म्हणतात. रिओखाची वाईन पारंपरिकरीत्या अमेरिकन ओकच्या पिंपांत मुरते, त्यातून व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो. धूर आणि लाकूड एकमेकांना ओळखतात. इथे रेसेर्वासुद्धा चालेल.

गालिसियाचं सान सिमोन दा कोस्ता बर्चच्या लाकडाची धुरी घेतलेलं, गाईच्या दुधाचं, बरंच मऊ. त्याला गोदेयो द्राक्षाची व्हाइट, किंवा रेडच हवी तर बिएर्सोची मेंथिया.

१२. 'ज्या गावचं चीज त्याच गावची वाईन' हा नियम खरा का?

अर्धा. गालिसियात तो तंतोतंत चालतो: तेतिया हे स्तनाच्या आकाराचं लोण्यासारखं मऊ चीज आणि रिआस बाइशासची अल्बारिन्यो व्हाइट. सामोरानो चीज आणि तोरोची दांडगी रेडही शेजारीपाजारी सुखात नांदतात.

पण अस्तुरियासमध्ये वाईन नावापुरतीच. तिथे सफरचंदाची सिद्रा पितात, बाटली डोक्याच्या वर धरून दुसऱ्या हातातल्या पेल्यात उंचावरून धार सोडून. काब्रालेसबरोबर ती फक्कड लागते. मेनोर्का बेटावर तर ब्रिटिश अमलात रुजलेली जिन लोकप्रिय. तिथलं माओन चीज, चौकोनी, तेल आणि पाप्रिकाने चोळलेलं, मी अमोंतियादोबरोबर खातो. नियम मोडला, जोडी टिकली.

१३. पाहुणे दहा, चीज पाच प्रकारची, बजेट दोन बाटल्यांचं. काय घेऊ?

दोन्ही कावा, 'ब्रुट' किंवा 'ब्रुट नातुरे', म्हणजे कोरड्या. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली ही फसफसणारी वाईन किमान ९ महिने मुरते. बुडबुडे आणि आंबटपणा जीभ धुऊन काढतात, म्हणून ती कुणाशीच भांडत नाही. 'सेमी सेको' गोड असते, ती टाळा. मात्र पाचांत ब्लू चीज असेल तर ते शेवटी ठेवा, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

१४. मेंब्रियो इकडे मिळत नाही. त्याऐवजी?

मेंब्रियो म्हणजे क्विन्सची घट्ट लाल वडी, मान्चेगोवर ठेवून खातात. तिला चोख पर्याय गोव्यात आहे: पेराद. पोर्तुगीजांच्या फळांच्या वड्यांची रीत गोव्यात पेरूला लागू झाली आणि पेराद झाली. गोड-आंबट, किंचित दाणेदार पोत जवळपास तोच. चीजच्या निम्म्या जाडीची चकती पुरे.

१५. 'रूम टेंपरेचर' म्हणजे नेमकं काय? पुण्यात मे महिन्यात घरात ३५ अंश असतात.

तो शब्द विसरा. रेड १६ ते १८ अंशांवर प्यायची, म्हणजे आपल्याकडे फ्रिजमध्ये थंड केल्याशिवाय उघडू नये. फिनो, मान्सानिया, कावा चांगली थंड, ७-८ अंश. ओलोरोसो १२-१४. चीज मात्र फ्रिजमधून खाण्याआधी अर्धा तास काढायचं. मुंबईच्या उन्हाळ्यात पंधरा मिनिटं पुरतात, नाहीतर मान्चेगोला घाम फुटतो आणि तूप सुटतं.

१६. नाशिकची टेम्प्रानिओ चालेल का?

चालेल. नाशिक भागात या द्राक्षाची लागवड होते. उष्ण हवेमुळे ती अधिक पिकलेली, फळाळ लागते, रिओखाची नक्कल म्हणून पिऊ नका. कुरादो मान्चेगोबरोबर जमते.

१७. पनीर किंवा डब्यातलं अमूल चीज चालवून घेऊ का?

पनीर हे स्पेनच्या केसो दे बुर्गोसच्या बरंच जवळचं: ताजं, पांढरं, बेचव म्हणावं इतकं साधं. मध घालून, सोबत बेर्देखो. डब्यातलं प्रोसेस्ड चीज खारट आणि एकसुरी असतं. थंड फिनोबरोबर ते माझ्या अपेक्षेपेक्षा बरं लागलं, पण त्यासाठी स्पेनहून बाटली आणू नका.

१८. स्पेनहून येताना नेमकं काय आणू?

भारतात माणशी २ लिटर दारू शुल्काविना आणता येते. ७५० मिलीच्या दोन आणि ३७५ मिलीची एक बाटली त्यात बसते. मी एक अमोंतियादो, एक ओलोरोसो आणि अर्धी बाटली पेद्रो खिमेनेस आणतो. रिओखा इथेही मिळते, तिच्यावर जागा घालवू नका.

१९. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

फिनो आणि मान्सानिया फ्रिजमध्ये आठवडाभर. नंतर खराब होत नाही, पण मलूल होते. अमोंतियादो दोन-तीन आठवडे, ओलोरोसो महिना-दीड महिना, पेद्रो खिमेनेस त्याहूनही जास्त. साधी रेड किंवा व्हाइट दोन-तीन दिवस. कावा उघडली की संपवायची.

२०. घरात दोघं जण दारू पीत नाहीत. त्यांना नुसतं पाणी का?

स्पेनमधल्या बारमध्ये अशा वेळी 'मोस्तो' मागतात: न आंबवलेला द्राक्षाचा रस, बर्फ आणि संत्र्याची फोड घालून. घरी चांगल्या काळ्या द्राक्षांचा रस गाळून थोडंसं लिंबू पिळा. पण ब्लू चीजसमोर तो बेधडक ठेवा, कारण तिथे गोडवाच लागतो, आणि रेड वाईन पिणाऱ्यांपेक्षा त्या दोघांचं तोंड जास्त बरं राहील.